बाबारावांचा सरळ फोटो

मंठ्यात तुम्हाला पासपोर्ट फोटो काढायचा असेल, तर आधी मान शाबूत आहे का ते बघून घ्या. आमचे बाबाराव फोटोआधी गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांत धरतात, डोक्याला मागून आधार देतात आणि जमिनीतून मुळा उपटावा तसं डोकं वर ओढतात. "बराबर बसा. शरीराचे लाड करायचे न्हाई," हेही वर ऐकवतात.

त्यांच्या स्टुडिओला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्यामुळे हा छळ मी रोज फुकटात बघतो. वाकडी माणसं म्हणजे आळशी माणसं, असं त्यांचं ठाम मत. एकदा मुतखड्याच्या कळेनं एका अंगावर कललेला माणूस आला. त्याला दवाखान्याच्याच कार्डासाठी फोटो हवा होता. बाबारावांनी त्याला असा ताठ बसवला, की फोटोत तो फौजदार दिसला आणि स्टुलावरून उतरून पायरीवर ओकला. "पण फोटो बघ," बाबाराव मला म्हणाले. आता काय बोलणार कपाळ! एवढं करून कुणी तिरपा राहिलाच, तर कॉम्प्युटरवर त्याचा खांदा उचलतात. देवाच्या चुका दुरुस्त करायचा मक्ता यांच्याकडेच.

आणि या माणसाची बायको कमरेतून पार जमिनीकडे वाकलेली. शकुवहिनींचं मणक्याचं दुखणं जुनं. परवा त्यांची लेक घनसावंगीला बाळंत झाली. आईच्यानं होणार नाही म्हणून सासरीच झाली. वहिनींचा जीव नातीला बघायला तळमळत होता, पण भरल्या बसमध्ये उभं राहणं त्यांना जमत नाही. अपंगाचा दाखला असला तर राखीव सीट हक्कानं मागता येते. म्हणून मी फॉर्म भरला. फोटो अर्थात घरचा लावला.

फॉर्म परत आला. दुखणं दिसेल असा फोटो जोडा, असा शेरा होता. मी फोटो मोठा करून बघितला, तर वहिनी त्यात खांबासारख्या सरळ. बहाद्दरानं बायकोलाही कॉम्प्युटरवर सरळ केलं होतं.

माझं डोकं फिरलं. तडक स्टुडिओत गेलो. "बाबाराव, नात चालायला लागंल तरी वहिनी इथंच राहतील. लाज वाटती का तुम्हाला त्यांची?"

"लाज कशाची? लग्नात या फोटोसारखीच सरळ होती ती," ते म्हणाले. "जरा हिंमत केली तर होईल पुन्हा सरळ. मी रोज सांगून राह्यलो तिला."

वहिनी आतल्या दारात उभ्या होत्या. खालीच बघत म्हणाल्या, "अहो, सरळ झालं की कळ मस्तकात जाती. वाकलं म्हंजे जरा दम खाती. मी काय हौसेनं वाकले?"

बाबारावांनी कॅमेरा उचलला. त्यांनी वहिनींना आहे तसं उभं केलं आणि बाजूनं फोटो काढला. मी लाईट धरला होता. तोच फोटो नंतर फॉर्मला लावला.

मी निघणार, तेवढ्यात हा माणूस कॅमेरा घेऊन चक्क फरशीवर उताणा झाला. वहिनींच्या पायाशी, तोंडाच्या बरोबर खाली.

"हा फॉर्मचा न्हाई," ते पुटपुटले.

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. "किती म्हातारे झालात हो," त्या म्हणाल्या. "मला तर तुमच्या चपलाच दिसत्यात. तोंड कधी बघितल्तं, ते बी ध्यानात न्हाई."

बाबारावांनी कॅमेरा छातीवर ठेवला. "दिलीप, तू जाय रे," मला म्हणाले.

मी बाहेर येऊन त्यांचं शटर अर्ध्यावर ओढलं. एक जण फोटो काढायला आला होता, त्याला उद्या ये म्हणून सांगितलं.