चौदाव्या मजल्यावरची पेटी

"येईन हनोईला. पण माझी पेटी बरोबर घेऊन," सुएनआजींनी निक्षून सांगितलं आणि त्यांच्या मुलाला, खोआतला, चहाचा ठसका लागला.

पेटी म्हणजे शवपेटी. साठी ओलांडताच आजींनी सुताराच्या डोक्यावर बसून करून घेतलेली, फणसाच्या लाकडाची. गावात म्हाताऱ्यांच्या घरी अशी पेटी असतेच. ती असली की माणूस निर्धास्त होतं, आयुष्यही वाढतं म्हणतात. सध्या तिच्यात तांदूळ होते. पण गावात आता उरलं होतं कोण? शेजारची तिन्ही घरं पोरांमागे शहरात गेलेली. गेल्या महिन्यात आजी न्हाणीघरात पडल्या, तर दुपारपर्यंत कुणाला पत्ता नाही. तेव्हापासून खोआतच्या जिवाला घोर लागला होता.

"आई, वेळ आली की तिथंही मिळते गं पेटी."

"आणि आखूड निघाली तर? पाय दुमडून झोपू होय?"

खोआतनं तांदूळ पोत्यात भरले आणि टेम्पो ठरवला.

हनोईत खोआतचं घर चौदाव्या मजल्यावर. इमारतीच्या लिफ्टमध्ये पेटी आडवी मावेना. उभी मावली, पण मग आजींना जागा उरेना. पेटीला एकटं सोडायला आजी तयार नव्हत्या. त्या सरळ पेटीतच जाऊन उभ्या राहिल्या. झाकण डोक्यावर घेऊन खोआत जिन्यानं निघाला.

लिफ्ट सातव्या मजल्यावर थांबली. दार उघडलं. समोर सोसायटीचे अध्यक्ष दोआन, हातात भाजीची पिशवी.

"या की भाऊ," आजी पेटीतून अदबीनं म्हणाल्या. "सरकते जरा, जागा होईल."

पिशवी तिथंच टाकून दोआन जिन्यानं खाली पळाले, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत गेले. संध्याकाळपर्यंत खोआतच्या दारात उदबत्त्या आणि पांढरी फुलं घेऊन शेजारी जमले.

"कोण गेलं हो?" एकीनं दबक्या आवाजात विचारलं.

"मीच जायचीय, पण अजून अवकाश आहे," आजी म्हणाल्या. "बसा, चहा टाकते."

रात्री जेवणं व्हायच्या आत दोआन आले. आवाज चढवूनच आले.

"उद्या सकाळी ही पेटी इथून हलली पाहिजे!"

"हलेल. तिच्याबरोबर मीही हलेन," आजींनी शांतपणे सांगितलं.

खोआतचा चेहरा उतरला. आजींना तो दिसला. पण त्या तसूभर मागे हटल्या नाहीत.

"वय काय भाऊ तुमचं?"

"एकाहत्तर."

"मग तुमची कुठाय?"

"मुलं परदेशात आहेत," दोआन आवाज खाली आणून म्हणाले. "मी एकटाच असतो. मागवतील काहीतरी फोनवरून."

"तुमचं माप माहितीय त्यांना?"

दोआन पेटीकडे बघू लागले.

"आडवे व्हा बघू."

"मी?"

"मग काय मी? माझं झालंय."

दोआननी इकडेतिकडे पाहिलं, चपला काढल्या आणि ते पेटीत आडवे झाले. बराच वेळ आतून आवाज नाही. खोआत घाबरून वाकला.

"खांद्याला घट्ट होतेय," आतून आवाज आला.

"सुताराला दोन बोटं वाढवायला सांगू," आजी म्हणाल्या.

सकाळी लिफ्टपाशी म्हाताऱ्यांची गर्दी होती. काळीज मुठीत धरून खोआत पुढे घुसला. फळ्यावर नवी सूचना होती: 'शवपेट्या लिफ्टमधून फक्त पहाटे पाच ते सहा या वेळेतच न्याव्यात. सुतार रविवारी मापं घ्यायला येणार आहे. नावं खाली लिहावीत.'

खाली अकरा नावं होती. पहिलं अध्यक्षांचं.