डोकं न उघडता

आमच्या शेजारचे बापूकाका कुठलीही वस्तू उघडायच्या विरुद्ध होते. फणस पिकलाय की नाही ते थापटून सांगत. रेडिओ बंद पडला की त्याला कुशीवर निजवत, आणि तो बिचारा खरंच बोलायला लागे. "उघडलेली वस्तू पहिल्यासारखी मिटत नाही, मास्तर!" हे त्यांचं पालुपद. जन्म टपालखात्यात गेला, दुसऱ्याचं पाकीट न उघडण्याची सवय हाडात मुरली असावी, असं मी आपलं ठरवून टाकलं होतं. मी बोलका माणूस नव्हे. मनात हसायचो, आणि हसलो म्हणून मागाहून वाईट वाटून घ्यायचो.

काकू गेल्या तेव्हापासून माजघरातली त्यांची ट्रंकही बंदच होती. लेक कुंदा एकदा म्हणाली, "बाबा, आईच्या साड्यांना ऊन तरी दाखवूया." "बंद आहे ते बरं आहे," एवढंच उत्तर.

ही कुंदा खेडला दिलेली. पहिलटकरीण. सासूबाईंचा निरोप आला, माहेरी आई नाही, करणार कोण? आणि एसटीच्या धक्क्यांत आम्ही सुनेला पाठवायचे नाही. बापूकाकांनी उलट कळवलं, "बाळंतपण इथेच. गाडी घेऊन येतो."

गाडी होती. पण मारुती मंदिराचा चढ लागला की धापा टाकत थांबायची. मग वाटेतला घाट कसली चढते? गॅरेजवाले हसनभाई म्हणाले, "व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मेल्या. इंजिनचं हेड उतरवायला हवं. पंधरवडा जाईल."

"डोकं उघडायचं नाही!"

"मग काय मंत्र म्हणून बदलणार?"

"घरी बदलणार."

रविवारी मला हाक आली. गाडी अंगणात, आणि इंजिनवरचं झाकण बाजूला काढलेलं.

"काका, उघडलंत की!"

"ही टोपी हो. टोपी काढली म्हणजे डोकं उघडलं असं होतं काय?"

स्प्रिंग काढली की व्हॉल्व्ह आत सिलिंडरमध्ये पडतो, म्हणून हेड उतरवतात. बापूकाकांनी प्लग काढला, त्या भोकातून मऊ सुती दोरी आत सारली आणि गाडीच्या पुढ्यातलं इंजिन फिरवायचं हँडल हळूहळू फिरवलं. पिस्टन वर आला, दोरीचा गोळा व्हॉल्व्हखाली गच्च बसला. आता पडेल कुठे? काथ्या कुसं सोडतो, नायलॉन टणक, म्हणून सुतीच हवी, म्हणाले. बाहेरचं टोक धरणं माझ्याकडे. मी वासराचं दावं धरावं तसा उभा.

दगडी गडग्यावरून पलीकडच्या घरच्या शेवंताबाई डोकावल्या. "मास्तर, विहिरीत काय पडलं हो?"

दोरीला डांबरगोळ्यांचा वास येत होता. मी टोक नाकापासून जरा लांब धरलं.

स्प्रिंग जागेवर धरून ठेवणारे इवलेसे लोखंडी तुकडे असतात, लॉक म्हणतात त्यांना. अगदी शेवटचा लॉक टुणकन उडाला, मातीत पडला आणि आमच्या तांबड्या कोंबडीने दाणा समजून गट्ट केला.

"सुरी आणू?" शेवंताबाई उजळल्या. "रात्री कोंबडी-वडे!"

बापूकाका दोन्ही हात पसरून कोंबडीपुढे उभे राहिले. "हिला उघडायची नाही!"

शेवटी हसनभाईंच्या दारात गेलो. "मंत्र कमी पडला वाटतं?" म्हणत त्यांनी डब्यातून एक लॉक शोधून दिला आणि गंमत बघायला स्वतःच आले. दोरीकडे बघितलं, लॉक बसून, दोरी बाहेर निघून गाडी सुरू झाल्यावर इंजिनला कान लावला, म्हणाले, "मानलं तुम्हाला, बापूसाहेब." मारुती मंदिराचा चढ गाडी एका दमात चढली. रस्ता मोकळा होता, तरी बापूकाका वर पोचेस्तोवर हॉर्न वाजवत होते.

कुंदा आली. मुलगी झाली. बारशाच्या सकाळी पाळणा टांगायला मला बोलावलं. पाळण्याची दोरी धुतलेली, पण साबणाला न जुमानणारे इंजिनच्या तेलाचे काळे पट्टे तिच्यावर तसेच.

"बाबा, ही कुठली दोरी?"

"तुझ्याच पाळण्याची. आईच्या ट्रंकेत होती."

कुंदा बघतच राहिली. "ट्रंक उघडलीत?"

"हं."

"आणि मग? मिटली नीट?"

बापूकाका आढ्याच्या कडीकडे बघत राहिले. "मिटली नाही. राहू दे म्हटलं उघडी."

मग माझ्याकडे वळून घसा खाकरत म्हणाले, "मास्तर, टोक धरा. सोडू नका हं."

मी धरलं.