मागे पाच सेंटिमीटर

गाडीची चाकं जरा बाहेर काढली की गाडी देखणी दिसते, वळणावर रस्ता धरून ठेवते आणि आत बसलेल्या माणसाचं आपल्याविषयीचं मत सुधारतं, असं लोळोबाचं ठाम म्हणणं होतं. यातली पहिली दोन कारणं तो भेटेल त्याला ऐकवत असे. तिसरं मात्र त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

लोळोबा हे अर्थात त्याचं खरं नाव नव्हे. तो गाद्यांच्या कारखान्यात परीक्षक होता, आणि हे नाव तिथल्या शिवणखात्याने ठेवलेलं. तयार होऊन आलेल्या प्रत्येक नमुन्यावर तो दहा मिनिटं उताणा आणि पाच-पाच मिनिटं दोन्ही कुशींवर पडून राही, मग उठून तक्त्यावर लिही: कंबर बुडते, खांदा टोचतो, ठीक आहे. त्या हॉलला वर काचेच्या खिडक्या होत्या. दुपारचं ऊन पांढऱ्या गाद्यांच्या रांगांवरून हळूहळू सरकत जाई, आणि लोळोबा डोळे मिटून इमानेइतबारे नोकरी करी. त्या अर्धवट गुंगीत गेले दोन महिने त्याला एकच दिसत होतं. आपली जुनी, निळी, दोन सीटची स्पोर्ट्स कार, चारही चाकं मडगार्डच्या बरोबरीला आलेली, पाय रोवून उभी. तिच्यातून सासरे उतरतात आणि म्हणतात, "वा, जावईबापू." तिथेच ते दृश्य विरघळत असे. पुढचं त्याला कधी दिसलंच नाही, आणि दिसावं असं वाटलंही नाही.

सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं ते रुळांवरून पायी हिंडले होते, दोन रुळांमधलं अंतर मोजायची लांब पट्टी हातात घेऊन. ते अंतर बोटभर वाढलं तरी डबा खाली उतरतो, त्यामुळे जगातल्या कुठल्याही दोन गोष्टींमधलं अंतर वाढलं की त्यांना अस्वस्थ वाटे. दीड वर्षापूर्वी सासूबाई गेल्या. तेव्हापासून ते दोन तासांवरच्या गावात एकटेच राहत होते. लोळोबाची बायको दर रविवारी फोनवर विनवण्या करी की बाबा, आमच्याकडे राहायलाच या. ते विचारत, तिथे येऊन मी करू काय? फोन ठेवल्यावर ती बराच वेळ खिडकीशी उभी राही.

या शनिवारी मात्र ते दोन दिवसांपुरतं यायला तयार झाले होते.

"तू जाऊन त्यांना घेऊन ये," बायको लोळोबाला म्हणाली. "आणि असं काहीतरी कर, की त्यांना परत जावंसंच वाटणार नाही."

लोळोबाचा तिच्यावर फार जीव होता. त्याने त्याच संध्याकाळी स्पेसर मागवले.

स्पेसर म्हणजे चाक आणि गाडी यांच्यामध्ये घालायची धातूची जाड चकती. ती जेवढी जाड, तेवढं चाक बाहेर. लोळोबाने पुढच्या चाकांना दोन-दोन सेंटिमीटरचे घेतले आणि मागच्यांना अडीच-अडीचचे. गॅरेजवाला म्हणाला की मागे दीडचे पुरे झाले असते. त्यावर लोळोबाने त्याला समजावलं की गादी घेतानासुद्धा माणूस पाय मोजून घेत नाही, जरा ऐसपैसच घेतो. गॅरेजवाल्याने लांब बोल्ट घातले, पाना टक्क वाजेपर्यंत आवळले आणि गाडी जॅकवरून खाली घेतली. लोळोबा तिच्यासमोर पंधरा मिनिटं नुसता उभा राहिला. येताना वळणावर ती रस्त्याला चिकटून गेली, निदान त्याला तसं वाटलं. आणि वाटण्याचाच तर तो पगार घेत होता.

शनिवारी सकाळी सासरे फाटकाशी उभे होते, हातात दोन दिवसांच्या कपड्यांची बॅग. त्यांनी गाडीला एक फेरी मारली. मागच्या चाकापाशी वाकले, चार बोटं लावून काहीतरी पाहिलं, सरळ झाले आणि एक अक्षर न बोलता आत बसले. बाबांची वाचाच बसली, असं लोळोबाला वाटलं आणि त्याचा ऊर भरून आला.

पहिला तासभर सगळं स्वप्नात चालल्यासारखं चाललं. रस्ता मोकळा होता, ऊन कोवळं होतं. सासऱ्यांना वारा आवडे म्हणून त्यांनी काच खाली घेतली होती. मग कुठेतरी पाण्याचा पाइप फुटला होता, आणि वळणाच्या पलीकडे तांबड्या चिखलाचं लांबलचक डबकं पसरलं होतं. एरवी चाकांनी उडवलेला चिखल मडगार्डच्या पोटात राहिला असता. पण आता चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावत होती. दोन्ही बाजूंनी चिखलाच्या कमानी उठल्या, आणि त्यातली एक सरळ खिडकीतून आत आली.

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. त्यांचा अर्धा सदरा पांढरा होता, अर्धा तांबडा.

"मागे पाच सेंटिमीटर वाढलंय," ते म्हणाले.

"अगदी बरोबर ओळखलंत," लोळोबा हरखून म्हणाला. "पुढे चार."

नुसता सदरा किंवा नुसती गाडी, एखाद्या गोष्टीचा बायकोला खुलासा देता आला असता. दोन्हींचा एकदम देणं लोळोबाला जमणारं नव्हतं. सदऱ्याला इलाज नव्हता. गाडी तरी धुऊन न्यावी म्हणून त्याने शहराच्या तोंडाशी असलेल्या यांत्रिक धुलाई केंद्रात वळवली. दाराशी पाटी होती. रुंद चाकांच्या गाड्या आत घेऊ नयेत, हे सासऱ्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. ते ट्रकसाठी असतं, असं सांगून लोळोबाने काचा वर घेतल्या आणि गाडी आत घातली.

आत जमिनीवर पोलादाच्या दोन पट्ट्या होत्या. गाडी बंद करून त्यांच्यामध्ये सोडायची, मग साखळी तिला हळूहळू पुढे ओढते. पट्ट्या पाहताच सासरे सीटवर ताठ बसले. दोन्ही पट्ट्यांकडे आळीपाळीने बघत ते स्वतःशीच म्हणाले की जाणार नाही. पुढची चाकं कशीबशी गेली. मागची गेली नाहीत. कर्कश आवाज झाला, साखळी सुटली आणि गाडी दोन पट्ट्यांमध्ये पाचर मारल्यासारखी बसली. यंत्राच्या समजुतीप्रमाणे गाडीला अजून फेस लागायचा होता, म्हणून त्याने फेस सोडला. गाडी हलली नाही, म्हणून आणखी सोडला. दोन्हीकडे ब्रश येऊन टेकल्यामुळे दारं उघडेनात.

बघता बघता काचा पांढऱ्या झाल्या. बाहेरचे निळे दिवे फेसातून झिरपू लागले. ब्रशांची मऊ सळसळ चालली होती आणि जग कुठेतरी लांब राहिलं होतं. आजवर झोपून पाहिलेल्या सगळ्या गाद्यांपेक्षा हे मऊ आहे, असं लोळोबाच्या मनात आलं. मग आपण सासऱ्यांना काय करून ठेवलं, हे आठवून त्याला लाज वाटली. आता हे सोमवारी नव्हे, आजच परत जाणार. बायको दारात उभी असेल, तिला काय सांगायचं?

"बाबा, माझं चुकलं," तो म्हणाला.

सासरे समोरच्या पांढऱ्या काचेकडे पाहत होते. मग ते बोलले, पण भलतंच.

"घरी माझ्या खुर्चीपासून स्वयंपाकघरापर्यंत सात पावलं आहेत. तुमच्या सासूबाई होत्या तेव्हाही सातच होती. मी मोजून पाहिली. पण वाढल्यासारखी वाटतात."

लोळोबाने मान हलवली. हा त्याच्या खात्यातला प्रश्न होता.

"वाटतात ना? मग वाढलीच, बाबा. मोजमाप काहीही म्हणो."

सासऱ्यांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण त्यांनी जावयाकडे इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. चष्म्याच्या कडेला अजून चिखल होता आणि डोळे ओले होते. मग ते दोघे फेसात बसून राहिले. फार बरं वाटत होतं.

शेवटी मागच्या रांगेतल्या हॉर्नांनी ही समाधी मोडली. केंद्रावरच्या गमबूट घातलेल्या बाईने यंत्र बंद केलं, ब्रश मागे घेतले आणि आता क्रेनच बोलवावी लागेल असं सांगितलं. सासऱ्यांनी दार उघडलं आणि गुडघाभर फेसात पाय ठेवला. क्रेन नको, चार माणसं द्या, ते म्हणाले. मागची बाजू हातांनी उचलली की चाकं खाली लोंबतील आणि तळाशी जराशी आत येतील. तेवढंच हवंय, फेस बाकीचं करील. त्यांच्या आवाजात असं काही होतं की रांगेतले हॉर्न वाजवणारेच बाह्या सरसावून आले. लोळोबाला त्यांनी स्टिअरिंग सरळ धरून गप्प बसायला सांगितलं. मग त्यांनी एक हात वर केला.

"हं. उचला. अजून बोटभर. आता पुढे ढकला."

गाडी लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. सासऱ्यांचा हात मात्र बराच वेळ वरच होता. आरशात लोळोबाला तो दिसत होता, आणि त्याच्याही नकळत त्याला हसू फुटलं.

घरी बायकोने दार उघडलं. अर्धे तांबडे, अर्धे पांढरे वडील तिला ओलांडून तडक फोनपाशी गेले आणि त्यांनी आपल्या गावच्या शेजाऱ्यांना लावला.

"किल्ली तुमच्याकडेच राहू द्या," ते म्हणाले. "नाही, सोमवारी नाही येत. इथे चार चाकं आहेत आणि एक जावई. पाचही जागेवर आणायचेत. वेळ लागेल."

फोन ठेवून ते जॅक कुठे आहे ते विचारत खाली गेले. बायको भिंतीला टेकून उभी होती. तिचे गाल ओले होते आणि ती हसत होती.

"दीड वर्ष मी विनवतेय त्यांना," ती म्हणाली. "तू नेमकं केलंस तरी काय?"

लोळोबा खरं म्हणजे सविस्तर सांगणार होता. चाकांची बाब, वळणावरची पकड, आपली दूरदृष्टी. त्याने घसाही साफ केला. तेवढ्यात खालून हाक आली.

"जावईबापू, या बघू खाली! बोल्ट काढतोय, ते ओंजळीत धरा. बाकी कशाला हात लावू नका."

लोळोबा दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावला, आणि संध्याकाळपर्यंत ओंजळ धरून उभा राहिला.