बापूंची माशी

आमच्या गल्लीतले बापू रोज सकाळी गच्चीवर उभे राहून कोरड्या सिमेंटवर मासे धरतात. हातात नऊ फुटी बारीक काठी, काठीला लांबलचक दोरी आणि दोरीच्या टोकाला डाळीच्या दाण्याएवढी एक खोटी माशी. दोरी मागं उडते, पुढं उडते आणि माशी पलीकडच्या कोपऱ्यात ठेवलेल्या ताटात अलगद जाऊन बसते. ताटात पाणी नसतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पाणी कशाला? सराव दोरीचा हाय, पाण्याचा न्हाय."

मी छत्तीस वर्षं मास्तरकी केली, वात्रट पोरं सरळ केली, पण बापूंपुढं माझं काही चालत नाही.

बापू मूळचे घड्याळजी. बाजारात त्यांचं एक माणूस जेमतेम बसेल एवढं दुकान होतं. मोबाइल आले, लोकांची मनगटं मोकळी झाली आणि दुकान बंद पडलं. डोळ्याला लावायचं भिंग आणि चिमटे तेवढे घरी आले. त्यांची बायको, आमच्या काकी, वारल्यावर दुसऱ्या वर्षी मुलानं त्यांना उन्हाळ्यात तीन महिने इंग्लंडला नेलं. मुलगा-सून दिवसभर कामावर. बापूंना इंग्रजी येत नाही. घराजवळ एक नदी होती, तिच्या काठावर ते जाऊन बसायचे. तिथं त्यांना जॉर्जराव भेटले.

'राव' बापूंनीच लावलेलं. पंच्याहत्तरीचा गोरा माणूस, गुडघाभर पाण्यात उभा राहून हवेत दोरी नाचवत होता. "मला वाटलं, म्हातारं बिथरलंय. म्हटलं बुडायच्या आत धरावं, म्हणून पाण्यात उतारलो," असं बापू सांगतात. जॉर्जरावांना वाटलं, हा माणूस शिकायला आला. त्यांनी काठी बापूंच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या बोटातली अंगठी दाखवून वर आभाळाकडं बोट केलं. बापूंनीही वर बोट केलं. झाली ओळख.

ती नदी म्हणे खडूच्या टेकड्यांमधून झिरपून येते, त्यामुळं पाणी काचेसारखं. खडू म्हटल्यावर मी जरा सावरून बसलो, कारण जन्मभर मी खडूची नुसती धूळ खाल्ली. त्या पाण्यात अंगावर ठिपके असलेले ट्राउट आणि पाठीवर पदर घेतल्यासारखे ग्रेलिंग नावाचे मासे असतात. उन्हाळ्यात ते वर येऊन पाण्यावरच्या माश्या खातात, म्हणून गळावर पिसांची खोटी माशी बांधून ती पाण्यावर अलगद ठेवायची. गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. आणि मासा धरला की परत सोडून द्यायचा. हे ऐकल्यावर आमची अख्खी गल्ली बापूंकडं संशयानं बघायला लागली.

काठी फिरवायला शिकवताना जॉर्जरावांनी खिशातलं घड्याळ काढलं. काठी मागं नेताना दोनवर थांबवायची, पुढं आणताना दहावर. घड्याळजीला आणखी काय सांगायला पाहिजे? बापू दुपारपर्यंत शिकले. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद. कुणाची सासू-सून भांडत असो की कुणाचा रक्तदाब वाढलेला असो, बापू म्हणणार, "दहा आणि दोन. त्याच्या म्होरं हात न्यायचा न्हाय."

परत येताना जॉर्जरावांनी काठी बापूंनाच दिली. बापूंनी शब्द दिला की कोल्हापुरी कोंबड्याच्या पिसाच्या माशीनं मासा धरून दाखवीन. हा शब्द कोणत्या भाषेत दिला, ते देवाला ठाऊक.

पहिल्या रविवारी बापू कळंबा तलावावर गेले, तेव्हा शेजारच्या आक्कांनी वाटण करून ठेवलं होतं. बापू हात हलवत आले. मग त्या वाटणात अंडी सोडली. पुढच्याच आठवड्यात आक्कांच्या उंबऱ्यावर काळं पीस, लाल दोरा आणि वाकडी सुई सापडली. करणी म्हणून घरात रडारड. देवऋषी आला. त्यानं डोळे मिटून सांगितलं, "लई लांबनं आलंय हे. समुद्रापल्याडनं." एवढ्यात डोळ्याला भिंग लावलेले बापू जिन्यावरून रांगत खाली आले आणि म्हणाले, "आक्का, माझी माशी इकडं पडली काय?" आक्का अजून दोन महिन्यांतून एकदा मीठ-मिरच्या ओवाळून टाकतात.

पहिलं वर्षभर बापूंच्या गळाला मासा सोडून सगळं लागलं. माझी टोपी लागली. एका म्हशीचा कान लागला. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेल्या एका नवरीची ओढणी लागली आणि नवरदेव बापूंच्या अंगावर धावून आला. तलावावर नेहमी बसणारे लोक कळवळून सांगायचे, "पावणं, गांडूळ लावा की. आमी देतो." बापू मान फिरवायचे. मी म्हटलं, त्यापेक्षा गगनबावड्याकडं जाऊ, ओढ्याचं पाणी तुमच्या इंग्लंडसारखं आहे. तर म्हणाले, "पाणी हाय, पण तिकडं रेंज न्हाय. पाचला फोन असतो."

दर रविवारी संध्याकाळी पाचला, म्हणजे तिकडं दुपारी, जॉर्जरावांचा व्हिडिओ कॉल. मी चार वर्षं तो बघत आलोय.

"फिश?" जॉर्जराव विचारणार.

"नो फिश," बापू सांगणार.

"नेक्स्ट संडे."

"नेक्स्ट संडे."

दोघांना मिळून येणारी भाषा एवढीच. त्यानंतर दहा मिनिटं जॉर्जराव इंग्रजीत टोमॅटोची रोपं दाखवतात, बापू मराठीत गुडघ्याचं दुखणं सांगतात, आणि दोघंही योग्य जागी हसतात.

गेली तीन वर्षं बापूंच्या गळाला माझी टोपीसुद्धा लागली नव्हती. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. या उन्हाळ्यात एकदा तलावावर वारा सुटला आणि ती माशी सपकन माझ्या गालावर बसली. मी डोळे मिटून घेतले. पण रक्त नाही, टोचलं नाही, माशी घरंगळत कॉलरमध्ये गेली. काढून बघितली.

"बापू, ह्याला टोक नाही."

"न्हाय."

"मोडलं काय?"

"मीच तोडलंय. पकडीनं."

बापूंनी दोरी गुंडाळली आणि पाण्याकडं बघत सांगितलं, "पहिल्या वर्षी एक लागलाता, मास्तर. हाताएवढा. काठापतूर आणला आणि मनात आलं, आता पाचला काय सांगू? फिश म्हणायचं, ते गुड म्हणणार. म्होरं? मासा घावला म्हंजे विषय संपला की. दोरी ढिली सोडली. तवापासनं टोक ठेवतच न्हाय."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. तीन वर्षं रविवारची झोप सोडून मी या माणसाबरोबर डास मारत बसलो, आणि मासा लागूच नये अशी तजवीज करून हा निवांत. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी गच्चीवर दोरीचा आवाज आला नाही, म्हणून मीच वर गेलो.

बापू कोरड्या ताटाशेजारी बसले होते. मुलाचा फोन आला होता. जॉर्जराव दवाखान्यात होते आणि डॉक्टरांनी घरच्यांना बोलावून घेतलं होतं. रविवारी जॉर्जरावांची मुलगी त्यांच्यासमोर फोन धरणार होती.

"टोकाचा गळ लावतो ह्या टायमाला," बापू म्हणाले. "चार वर्षं माणूस इचारतंय. त्यास्नी मासा दावायचाच, मास्तर. पाचच्या आत घावला पायजे."

रविवारी आम्ही बाराला तलावावर होतो. बापू न जेवता उभे. दहा आणि दोन, दहा आणि दोन. तीन वाजले, चार वाजले. गांडूळवाल्यांनी आपले गळ वर काढून ठेवले आणि बघत बसले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण बापूंचं तोंड बघून कळलं असावं. पाचाला दहा कमी असताना पाणी फुटलं आणि काठी वाकली.

तळहाताएवढी चिलापी होती. बापूंनी ती ओल्या हातांनी सोडवली आणि तशीच पाण्याखाली दोन्ही हातांत धरून गुडघ्यांवर बसले. फोन वाजला. तो मी धरला.

पांढरी उशी, नाकात नळी, आणि जॉर्जरावांचा चेहरा एवढासा झालेला. त्यांनी डोळे उघडले, बराच वेळ बापूंकडं बघितलं. ओठ हलले.

"फिश?"

मी फोन खाली पाण्याकडं न्यायला लागलो. बापूंनी कोपरानं माझा हात वर ढकलला.

"नो फिश," बापू म्हणाले. "नेक्स्ट संडे, जॉर्जराव."

जॉर्जरावांना बोलता आलं नाही. पण चादरीवरचा त्यांचा हात थोडा वर झाला, मागं गेला, थांबला, पुढं आला, थांबला. बापूंनी बघितलं. मग पाण्यातला उजवा हात बाहेर काढून त्यांनी तसंच केलं, दोन आणि दहा. चिलापी सुटून खोल पाण्यात गेली.

फोन बंद झाल्यावर मी तिरमिरीत म्हणालो, "अहो, मग एवढा धरला कशाला? दाखवायचा होता की."

बापूंनी दोन्ही रिकामे हात माझ्यापुढं धरले. "बगा. न्हाय न्हवं मासा? खोटं कुठं बोललो?"

मग त्यांनी बाहीनं डोळे पुसले, खिशातली पकड काढली आणि गळाचं टोक तोडून टाकलं.

"पुढच्या रविवारी यायचं, मास्तर," ते म्हणाले. "पाचच्या आत."