लंबगोल लोड

नेरच्या जफरभाईंना दोन धंदे होते. जागेपणी ते गाद्या भरत आणि झोपेत न्यूझीलंडकडून रग्बी खेळत. पहिला धंदा वडिलांकडून आला होता, दुसरा फोनमधून. एकदा कुस्ती पाहता पाहता फोननं आपल्या मनानंच १९९५चा रग्बी विश्वचषक लावला. न्यूझीलंडचा जोना लोमू नावाचा पहाड दोन्ही टोकांना निमुळता चेंडू काखेत मारून इंग्लंडच्या गड्यांना अंगावर घेत, आडवा आला त्याला तुडवत पळत होता. जफरभाई दाभण हातात धरून तसेच बसून राहिले. एवढा थोरला देह, आणि पळतो कसा, तर पिंजलेली रुई वाऱ्यावर निघावी तसा. त्या दिवसापासून नवरा कामाचा राहिला नाही, असं नसरीनचं ठाम मत होतं.

"पुढं पळाचं, पन बॉल मात्र मागच्याच्याच हाती द्याचा," एका सकाळी जफरभाई तिला नियम समजावून सांगत होते. "अब्बानं मले धंदा असाच देला."

"अन् तुम्ही तो खाली पाडून राह्यले," नसरीन म्हणाली. "आधी भगवानरावचे लोड भरा."

काम मोठं जोखमीचं होतं. भगवानरावांच्या सुरभीचं साक्षगंध त्याच संध्याकाळी होतं. कापूस पिकवणाऱ्याच्या पोरीला गादी-उशी घरच्या कापसाची द्यायची, हा त्या घरचा रिवाज. भगवानरावांच्या मनात फोमचं सामान आणायचं होतं, पण त्यांच्या बायको विमलताई अडून बसल्या. शेवटी असं ठरलं की बैठकीचे लोड जफरभाईंनी भरायचे. पाव्हण्यांना पसंत पडले तर लग्नाच्या गाद्याही जफरभाईंच्याच. नाही पडले, तर फोम. नसरीनचा भाऊ जमीर यवतमाळात फोमच्या गाद्या विकत होता आणि मेहुण्यासाठी त्यानं दुकानात एक स्टूल कधीपासून राखून ठेवलं होतं.

"हे काम बिगडलं," नसरीननं बजावलं, "तर सोमवारपासून त्या स्टुलावर."

त्या स्टुलाची जफरभाईंना खरोखर धास्ती वाटे. तिथं रुई उडत नाही, दाभण टोचत नाही, नुसत्या प्लास्टिकात गुंडाळलेल्या गाद्यांकडे पाहत बसायचं. जित्या माणसानं करायचं काय तिथं?

दुपारी नसरीन शेजारी गेली. जफरभाईंनी फोन रुईच्या ढिगाला टेकवून लोमू लावला आणि लाल मखमलीच्या खोळी कापायला घेतल्या. डोळ्यांना जरा पेंग आली. हातांना मात्र कधी पेंग येत नसे, ते शिवत राहिले. रुईचे पुंजके उन्हात तरंगत होते, आणि जफरभाई काळी जर्सी घालून हिरव्या गवतावर पळत होते. मागून लोमू म्हणत होता, "जफरभाई, द्या इकडं." यांनी चेंडू मागे दिला. चेंडू मखमलीचा होता.

जाग आली तेव्हा दारात नसरीन आणि भगवानरावांचा पोरगा अंकुर उभे होते. लोड भरून, ठासून, शिवून तयार होते. दोन्ही टोकांना निमुळते, मधे गरगरीत.

"हे लोड हाय का पपया?" नसरीननं विचारलं.

डोळ्यांनी पाहिलं तेच हातांनी शिवलं होतं. उसवायला वेळ नव्हता. अंकुरनं ते ऑटोत भरले, आणि त्यांना धरून बसायला जफरभाईही चढले.

बैठकीत लोड गडगडू नयेत म्हणून जफरभाईंनी प्रत्येकाखाली चादरीची घडी सारली. ते टिकलेही असते, पण नवरदेवाचे मोठेबाबा, म्हणजे थोरले काका, आले. उमरखेडपासून गाडीत बसून त्यांची कंबर धरली होती आणि चेहरा त्याहून आखडला होता. यांचं मन मोडलं की सोयरीक मोडली, असं सगळे म्हणत. त्यांनी सगळा भार टाकून लोडाला टेका दिला.

लोड त्यांच्या पाठीमागून सणकन निसटला. मोठेबाबा शेजारच्या पाव्हण्यावर कलंडले, त्याचा लोड घसरून यांच्या कमरेखाली गेला आणि त्यांचे पाय वर झाले. तिकडे पहिला लोड उड्या मारत निघाला. सरळ कशाला जातोय? एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि मग थेट सुरभीसमोरच्या ओटीच्या ताटाकडे, जिथं निरांजन तेवत होतं. पाहुणे नुसते पाहत राहिले. त्या उड्या ओळखणारा माणूस तिथं एकच होता. जफरभाईंनी अंग झोकून दिलं, लोड हवेतच धरला आणि पालथं पडून, रग्बीत गुण घेताना चेंडू टेकवतात तसा, दोन्ही हातांनी जमिनीला टेकवला. कानात लाखभर माणसांचा श्वास थांबला. मग कळलं, तो एकट्या भगवानरावांचा होता.

"चुकलं आमचं," भगवानराव हात जोडून मोठेबाबांकडे धावले. "उठवा रे त्यायले."

"कोनी हात लावू नका मले," मोठेबाबा पडल्या पडल्या म्हणाले. "आत्ता कमरेत कट्ट वाजलं. लय वर्सानं मोकयी झाली." आणि त्यांनी डोळे मिटले. थोड्याच वेळात घोरणं सुरू झालं.

त्यांना उठवायची कुणाची छाती झाली नाही. भटजींनी मंत्र कुजबुजत म्हटले, बँडवाल्यांना वाजवायच्या आधीच जेवायला बसवलं, आणि सुरभीनं बांगड्या धरून अंगठी घातली. जाताना मोठेबाबा सगळे लोड गाडीत घालून घेऊन गेले. लग्नाच्या गाद्या जफरभाईंनाच मिळाल्या.

आठवड्याभरात उमरखेडहून निरोप आला: तसलेच आणखी पाहिजेत. नेरच्या दुखऱ्या कमरा दुकानाशी गोळा झाल्या. जमीरचाही फोन आला, "भाईजान, कापता कसे ते मले तरी सांगा ना."

सांगणार काय? जफरभाई डोळे उघडे ठेवून कापायला बसले, तर जन्मभराच्या सवयीनं सरळसोट लोड निघाला. दुसराही तसाच. नमुना पाहावा, तर मोठेबाबा एकही लोड परत द्यायला तयार नव्हते.

नसरीननं दोन दिवस हे पाहिलं. तिसऱ्या दुपारी तिनं दार अर्धं लोटलं, फोन रुईच्या ढिगाला टेकवला, स्वतःच्या हातानं लोमू लावला आणि नवऱ्याच्या हातात दाभण दिलं.

"मिटा डोये," ती म्हणाली.

थोड्या वेळानं एक गिऱ्हाईक आलं. "जफरभाई हायेत का?"

नसरीननं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला," ती म्हणाली. "कामावर हायेत ते."