आश्रमात वकील येतो

मला माणसं ओळखता येत नसतील, पण कुत्री बराबर ओळखता येतात. आमचा कुत्रा पिल्लू होता तेव्हाच मी त्याचं नाव वकील ठेवलं. गल्लीतल्या प्रत्येक भांडणात हा न बोलावता मध्ये पडायचा.

सत्त्याण्णव साली पेपरात वाचलं, की परदेशात कुत्री दवाखान्यात नेतात, त्यांना कुरवाळून आजारी माणसांना धीर येतो. मी बायकोला म्हणालो, "बेबीनंदा, वाटूरजवळच्या वृद्धाश्रमात आपला वकील न्यायचा. तिथं एक साळूबाई आहेत, आल्यापासून कुणाशी बोलत न्हाईत. वकील त्यांना बोलतं करंल."

"आधी त्याला आंघोळ घाला," ती म्हणाली.

आश्रमाचे व्यवस्थापक सर्जेराव. त्यांना फोन लावला, तर लाइनवर नुसती खरखर. मी ओरडून सांगितलं, "रविवारी वकील घेऊन येतो. फुकट. सगळ्यांना भेटंल."

"लई उपकार झाले," सर्जेराव गहिवरून म्हणाले. कुत्र्यासाठी एवढे उपकार? मलाच भरून आलं.

रविवारी वकीलला वासाच्या साबणानं घासला, लूनावर पुढं उभा केला आणि निघालो. आश्रमाच्या दारात रांगोळी. व्हरांड्यात टेबल, टेबलावर हार. म्हातारी मंडळी धुतलेले कपडे घालून, कागदपत्रांच्या पिशव्या मांडीवर धरून बसलेली.

"वकीलसाहेब कुठं राह्यले?" सर्जेरावांनी विचारलं.

"हे काय," मी म्हणालो.

सर्जेरावांनी खाली बघितलं. वकीलनं शेपूट हलवली.

"मैं सुबू से नहा-धोके बैठा," गयासोद्दीन चाचा सावकाश म्हणाले, "और तुम कुत्ता लाये?"

त्यांच्या शेजारच्या गिरिजाबाईंनी कुत्र्यावर पिशवीचा नेम धरला. गल्लीतला आमचा वाघ तडक साळूबाईंच्या खुर्चीखाली घुसला. त्याला ओढायला वाकलो, तर माझ्या धक्क्यानं टेबल कलंडलं. साहेबांसाठी आणलेला हार खाली पडला आणि वकील तो खायला लागला.

"राहू द्या," एक खरखरीत आवाज आला. साळूबाई बोलत होत्या. "आलाच हाय तर ऐकू द्या त्याला."

त्या खाली वाकल्या. "म्या दवाखान्यात गेल्ते, तवा पुतण्यानं माझ्या घराला कुलूप घातलं. चावी देत न्हाई. दारातली तुळस वाळली आसंल रे."

वकीलनं हार सोडला आणि त्यांच्या पावलावर हनुवटी टेकली. मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"बघा आजी, वकीलनं तुम्हाला बोलतं केलं."

"माझी वाचा काय गेल्ती व्हय? ऐकणारं कोणी नव्हतं म्हणून गप व्हते. कुत्रं गुणाचं हाय, त्याला ठिव इथं. अन तू जाय, खरा वकील घेऊन ये."

मंग काय, मी परतूरच्या कोर्टात चकरा मारून खरा वकील गाठला, आमचा वकील साळूबाईंच्या बाजेखाली झोपा काढून राह्यला. नोटीस गेली तसा पुतण्या चावी घेऊन आला.

साळूबाई घरी निघाल्या. मी लूना चालू करून वकीलला हाक मारली. तो त्यांच्याबरोबर बैलगाडीत चढून बसला होता. त्यानं माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही.