सासऱ्यांना मानवणारी हवा

सुताराने सासऱ्यांच्या पलंगाखाली काठोकाठ भरलेली बादली सरकवली, दुसरी सोफ्यामागे ठेवली, बैठकीत दोरी ताणून तिच्यावर ओल्या चादरी टाकल्या आणि बायकोला बजावलं, की गॅसवरचं मोठं पातेलं दिवसभर उकळत राहिलं पाहिजे. त्यात काय शिजतंय, असं तिने विचारलं. नुसतं पाणी, असं तो म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायका असल्या उत्तराने दचकत नाहीत. तिने झाकण काढून बाजूला ठेवलं.

याला कारण सासरे. सासूबाई गेल्यावर नाना एकटे राहत होते आणि दोन्ही मुलींनी ते बंद करायचं ठरवलं. थोरली इथे, पठारावरच्या कोरड्या गावात, सुताराच्या घरी. धाकटी समुद्रकाठी, लॉन्ड्रीवाल्याच्या घरी. नानांनी सांगितलं, महिनाभर तिकडे राहतो, महिनाभर इकडे राहतो, मग बघू. तिकडचा महिना झाला. इकडचा संपत आला होता. आणि आदल्या रात्री जेवताना नाना फुटलेल्या ओठांवरून जीभ फिरवत एवढंच म्हणाले होते, "हवा जरा कोरडी आहे तुमच्याकडे."

सुताराने उचललेला घास पुन्हा ताटात ठेवला.

दोन्ही साडूंचं हवेवरून जुनं वैर होतं. लॉन्ड्रीवाला म्हणे, दमट हवेत कापड मऊ राहतं आणि माणसाची कातडीही; तुमच्या गावात चेहऱ्याला टाचेसारख्या भेगा पडतात. सुतार म्हणे, तुमच्याकडे धुतलेला रुमाल वाळेपर्यंत सर्दी बरी होऊन जाते, आणि तिथे तुम्ही लॉन्ड्री चालवता, धन्य आहे. या हवेत दोघांचाही काडीचा वाटा नव्हता. तरी मिजास अशी, की जणू रोज पहाटे उठून हेच ती पंपाने भरतात. जगातली निम्मी मिजास अशा फुकट मिळालेल्या गोष्टींचीच असते आणि तिचाच आवाज सगळ्यात मोठा असतो.

पण सुताराला साडूची जिरवण्यापेक्षा नाना हवे होते. तो लाकडाबद्दल बोलायला लागला की बायकोला भाजी आणायची आठवण होई आणि गिऱ्हाईक घड्याळ बघे. नाना मात्र शेवटपर्यंत ऐकत. सुतार दुपारी त्यांच्या खोलीत जाऊन बसे, संध्याकाळी बसे, सकाळी चहा घेऊनही बसे. बाप लहानपणीच गेलेल्या माणसाला असं कान देणारं वडीलधारं माणूस उतारवयाच्या तोंडावर मिळालं होतं. ते केवळ ओठ फुटले म्हणून जाऊ द्यायचं?

म्हणून बादल्या, चादरी, पातेलं. शिवाय दुकानातून वाफ सोडणारं एक यंत्र आणलं, ते नानांच्या उशाशी ठेवलं. नाना काही बोलले नाहीत. ते कधीच काही बोलत नसत, आणि लोक त्यालाच पसंती समजत.

शुक्रवारपर्यंत मीठ बरणीत दगड झालं आणि बिस्किटं वाकायला लागली. शनिवारी कपाटाचा खण फुगून बसला. त्यात सुताराच्या सगळ्या पँटी होत्या, त्यामुळे तो गिऱ्हाइकाकडे पायजमा घालून गेला. सुताराच्या दारांची गावात ख्याती होती. दार आणि चौकट यांच्यामध्ये पोस्टकार्ड जाणार नाही, असं तो छाती काढून सांगे. कोरड्या गावात फटी ठेवायच्या कशाला? आता स्वयंपाकघराचं दार लाथ घातल्याशिवाय उघडेना, आणि न्हाणीघराचं उघडलं तर मिटेना, त्यामुळे आत जाणाऱ्याला गाणं म्हणत बसावं लागे. बायको म्हणाली, पुरे करा हे. सुतार म्हणाला, रविवारी साडू येतोय नानांना न्यायला, तोवर कळ काढ.

रविवारी लॉन्ड्रीवाला आला तोच रिकामी बॅग घेऊन. नानांचे कपडे न्यायला कडक इस्त्रीची कव्हरंही आणली होती. आत पाऊल टाकताच त्याने छाती भरून श्वास घेतला. अगदी घरच्यासारखं वाटतंय, असं तो म्हणाला. यंदा हवामान बदललंय, असं सुताराने सांगितलं. लॉन्ड्रीवाला बॅग ठेवायला सोफ्यामागे वळला, आणि त्याचा बूट बादलीत गेला.

"साडूभाऊ," तो बूट उपसत म्हणाला, "हवामान बादलीत भरून ठेवलंय होय?"

सुतार तडक नानांना बोलवायला गेला. खोलीचं दार ढकललं. हललं नाही. खांदा लावला. हललं नाही. अख्ख्या घरातलं सगळ्यात चांगलं, स्वतःच्या हाताने केलेलं सागवानी दार त्याने स्वतःच्याच हाताने फुगवलं होतं.

"नाना, आतून जरा ओढा."

"ओढतोय," आतून आवाज आला.

"जोर लावा."

"लावतोय की."

मग जे सुरू झालं त्याला काही धरबंध राहिला नाही. दाराच्या कडेला साबण घासला, मेण चोळलं. थोरलीने बापाची उपासमार नको म्हणून बाहेरून वळसा घालून खिडकीच्या गजांतून चहा दिला, वाकलेली बिस्किटं दिली, वर्तमानपत्र दिलं. नाना सगळं घेत होते. लॉन्ड्रीवाल्याने, आमच्याकडचे सुतार फट ठेवतात, असं चारदा ऐकवलं आणि मग इस्त्री मागितली. ओल्यावर एकच इलाज, असं म्हणून तो दारालाच इस्त्री करायला बसला. पॉलिशला फोड यायला लागले. सुताराने तोंड फिरवलं. प्रत्येक फोडागणिक तो आतून भाजत होता, पण आत म्हातारा माणूस अडकलेला, बोलणार काय?

इस्त्रीनेही दार हललं नाही. शेवटी सुताराने पटाशी आणि हातोडा आणला. चौकट फोडायची, दुसरा मार्ग नव्हता. चौकट फुटणार होती, आणि ती फुटली की नाना बॅग भरून साडूबरोबर जाणार, हेही त्याला दिसत होतं. त्याने हातोडा उचलला.

आतून खट्ट आवाज झाला. दार लोण्यासारखं उघडलं.

"राहू द्या, जावईबापू," नाना म्हणाले. "चांगलं दार आहे. कशाला फोडता?"

आधी कळलं थोरलीला. तिने कमरेवर हात ठेवले. "नाना, तुम्ही आतून कडी लावली होती?"

सुताराला ते ऐकूच गेलं नाही. तो दार पुढेमागे करत होता. कुठे घासत नव्हतं, कुठे अडत नव्हतं. "फुगलं नाही," तो पुटपुटला. "इतक्या वाफेत फुगलं नाही."

नाना पलंगावर बसले. वाफेचं यंत्र त्यांनी बंद करून कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. हवेचं काय घेऊन बसलात, असं ते म्हणाले. तिकडे गुडघे दुखतात, इकडे ओठ फुटतात. गुडघ्याला तेल आहे, ओठाला तूप आहे. खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती बोलायला त्यांना लाज वाटत होती, तरी आता त्यांनी ती सांगून टाकली. दिवसातून थोडा वेळ कोणीही आत येऊ नये, कोणीही काही सांगू नये, एवढंच त्यांना हवं होतं. धाकटीकडे नातवंडं अंगावर चढतात. इकडे जावईबापू लाकडाबद्दल बोलतात.

सुताराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"पण इथे निदान कडी लागते," नाना म्हणाले. "तिकडे खाऱ्या हवेने कडी गंजलीय. अर्ध्यात अडकते. मी इथेच राहतो. फक्त त्या बादल्या उचला, आणि आत यायच्या आधी टकटक करत जा."

लॉन्ड्रीवाल्याने रिकामी बॅग मिटली. माणूस मनाने वाईट नव्हता. पोरं आजोबांची वाट बघत असतील, या विचाराने त्याचा चेहरा पडला होता. निघताना दारात थांबून त्याने, नाजूक कापडावर इस्त्री ठेवतात तशी हळूच, विनंती ठेवली.

"साडूभाऊ, आमच्याकडे पितळी कडी बसवली तर? ती गंजत नाही म्हणतात. तुमच्याकडे असेल ना एखादी?"

सुताराच्या दुकानात पितळी कड्यांचं अख्खं खोकं पडलं होतं. लाकूड असो की लोखंड, मालाबद्दल तो आयुष्यात कोणाशी खोटं बोलला नव्हता, गिऱ्हाईक गेलं तरी.

"पितळ?" तो मान हलवत म्हणाला. "छे हो. समुद्राच्या हवेत पितळ अजिबात टिकत नाही."